कुत्र्याचा ओठ उचलून पाहायला हवा

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

पाळीव कुत्र्यांच्या तोंडाला येणाऱ्या वासाविषयी एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात प्रसिद्ध झाले. वय वाढले की कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच, त्यासाठी आठवड्यातून एकदा मीठ, हळद आणि मोहरीचे तेल एकत्र करून दातांवर चोळावे आणि चघळायला एखादे मोठे हाड द्यावे, म्हणजे दात आपोआप साफ राहतात, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रलेखकांचा मुक्या प्राण्यांविषयीचा जिव्हाळा त्यात स्पष्ट दिसतो, आणि त्यांना दुखवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु तेवढाच जिव्हाळा असूनही, नेमक्या याच समजुतींपायी, आमच्या कुत्र्याला आम्ही सुमारे दीड वर्ष दातदुखी सोसायला लावली. ती चूक दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

इंदुरात अनेक घरांत पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची हा नेम अजून पाळला जातो. आपल्या मराठी घरांतल्या देव्हाऱ्यात तर कुत्रा तसबिरीतून रोज भेटतो, कधी दत्ताच्या पायांशी, कधी खंडोबाच्या घोड्याबरोबर. होळकरांचे कुलदैवत खंडोबा. आमचेही तेच, म्हणून आमच्या कुत्र्याचे नाव खंडू ठेवले. त्याला रोज हाताने पोळी भरवली, रविवारी आंघोळ घातली, लसी वेळेवर टोचल्या, गोचिडीच्या औषधाची तारीख कधी चुकू दिली नाही. त्याच्या तोंडात मात्र आठ वर्षांत एकदाही नीट पाहिले नाही.

खंडू स्पिट्झ जातीचा आहे आणि आता त्याने दहावे वर्ष ओलांडले आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. डोळ्याला काही चावले असेल असे आम्हाला वाटले, आणि ज्या दवाखान्यात आम्ही गेलो तेथेही डोळ्यात घालायचे थेंब आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सूज ओसरली. महिना-दीड महिन्याने ती पुन्हा आली, या वेळी फुटली आणि गालावरच्या केसांतून पू वाहू लागला. तेव्हा एका ओळखीच्या कुटुंबाच्या सांगण्यावरून आम्ही दुसऱ्या पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी डोळा पाहण्यापूर्वी खंडूचा वरचा ओठ उचलला आणि आम्हा दोघांना जवळ बोलावून आत पाहायला सांगितले. वरच्या जबड्यातली सर्वांत मोठी दाढ उभी चिरलेली होती, तिचा बाहेरचा चपटा तुकडा हलत होता आणि सगळी बाजू पिवळ्या-तपकिरी किटणाने झाकलेली होती. या दाढेला तीन मुळे असतात आणि ती डोळ्याच्या बरोबर खाली जाऊन थांबतात. त्यामुळे मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखाली दिसते, हे त्यांनी एक्स-रे दाखवून समजावले. ती दाढ आणि शेजारचे हलणारे दोन दात भूल देऊन काढावे लागले.

मला जे आजही बोचते ते यापुढचे आहे. सूज येण्याच्या आधी दीड वर्षापासून खंडू एकाच बाजूने चावत असे, पोळीचा तुकडा तोंडातून खाली पाडून पुन्हा उचलत असे, आणि नातवाबरोबर दोरी ओढण्याचा त्याचा आवडता खेळ त्याने हळूहळू सोडून दिला होता. जवळ बसला की तोंडाला वास येई. या प्रत्येक गोष्टीवर आमच्या घरात एकच उत्तर होते, की त्याचे आता वय झाले. दात काढल्यानंतर दोन आठवडे मऊ भात खाऊन झाले, जखम भरली, आणि महिन्याभराने एका संध्याकाळी खंडू ती जुनी दोरी तोंडात धरून नातवासमोर येऊन उभा राहिला. त्याचे वय झालेच नव्हते. त्याचे तोंड दुखत होते. कुत्रा दातदुखीने रडत नाही, जेवणही बहुधा सोडत नाही, कारण भूक दुखण्यापेक्षा बलवत्तर असते. म्हणून तो खातो आहे याचा अर्थ त्याचे तोंड चांगले आहे, असा अर्थ कोणीही काढू नये.

कुत्र्याच्या तोंडात नेमके काय घडते ते मी त्यानंतर समजून घेतले. दात घासून स्वच्छ केला तरी काही तासांतच त्यावर जंतूंचा एक चिकट, जवळजवळ रंगहीन थर पुन्हा बसू लागतो. हा थर मऊ असेपर्यंत साध्या ब्रशने किंवा कापडाने निघतो. तो तसाच राहिला तर लाळेतील क्षार त्यात उतरतात आणि दोन-तीन दिवसांतच तो कडक होऊ लागतो. यालाच आपण किटण म्हणतो. किटण खरखरीत असल्यामुळे त्यावर नवा थर अधिक सहज बसतो, आणि एकदा ते चढले की घरच्या ब्रशने निघत नाही. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असते, म्हणून त्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण त्यांवर किटण मात्र लवकर चढते. दातांना कीड नाही म्हणजे दात चांगले, हा माणसांचा हिशेब येथे लागू पडत नाही.

खरा बिघाड दातावर दिसतो त्यापेक्षा हिरडीच्या खाली होतो. चिकट थर हिरडीच्या कडेखाली शिरला की हिरडी सुजते आणि दाताच्या कडेने लाल रेघ दिसू लागते. एवढ्यावर लक्ष गेले आणि दात नियमित साफ होऊ लागले तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झाले तर सूज खोल जाते, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात, भोवतीचे हाड झिजते, आणि झिजलेले हाड पुन्हा पूर्वीसारखे भरून येत नाही. तीन वर्षे वयाच्या बहुतेक कुत्र्यांत या विकाराची सुरुवात झालेली असते, असे पशुवैद्यकातील सर्वमान्य निरीक्षण आहे. स्पिट्झ, पग, शित्झू अशा लहान चणीच्या जातींना तो अधिक लवकर गाठतो, कारण लहान जबड्यात तेवढेच बेचाळीस दात दाटीवाटीने बसलेले असतात आणि त्यांच्या फटींत अन्न अडकते. वरच्या सुळ्याचे मूळ नाकाच्या पोकळीला फार जवळ असते. तेथले हाड झिजले तर तोंडातून नाकात भोक पडते आणि कुत्रा शिंकत राहतो, नाकातून पाणी किंवा रक्त येते. लहान कुत्र्यांत खालच्या जबड्याचे हाड इतके झिजू शकते की साध्या उडीने किंवा धडकेने तो जबडा मोडतो. हे सर्व त्या चिकट थरापासून सुरू होते, जो पहिल्या दिवशी ओल्या कापडाने निघाला असता.

म्हणून माझी पहिली विनंती ब्रश आणण्याची नसून पाहण्याची आहे. कुत्रा शांत असताना त्याच्या शेजारी बसावे, तोंड उघडण्याचा प्रयत्न करू नये, केवळ गालाजवळचा वरचा ओठ अंगठ्याने हळूच वर सरकवावा आणि मागपर्यंत पाहावे. निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि दाताला घट्ट चिकटलेली असते. काही कुत्र्यांच्या हिरड्यांवर जन्मतः काळे डाग किंवा काळा रंग असतो, त्याची काळजी करण्याचे कारण नाही. लाल कड, रक्त, हलणारा किंवा तुटलेला दात, मध्यभागी काळा ठिपका दिसणारा दात, हिरडीवरची गाठ, एका बाजूला दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त किटण, यांपैकी काहीही दिसले तर पशुवैद्यांना दाखवावे. एका बाजूलाच अधिक किटण असेल तर कुत्रा त्या बाजूने चावत नाही, म्हणजे तेथे बहुधा दुखत आहे. खंडूच्या बाबतीत ही खूण कितीतरी महिने आमच्या डोळ्यांपासून एका ओठाच्या अंतरावर होती. हिरड्या अचानक पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसल्या तर तो दातांचा प्रश्न नसतो, आणि त्या वेळी कुत्र्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

पिल्लू असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात येतात, साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास कायमचे सर्व दात येऊन जातात. लहान जातींत कधी कधी दुधाचा सुळा पडत नाही आणि नवा सुळा त्याच्या शेजारीच उगवतो. एका जागी दोन दात दिसले तर वाट पाहू नये. त्या फटीत घाण साठते आणि नवा दात वाकडा येतो.

आता घासण्याविषयी. दात घासणे ही कुत्र्यासाठी अपरिचित आणि थोडी भीतीची गोष्ट आहे, हे ध्यानात न घेता पहिल्याच दिवशी ब्रश तोंडात घालणारे बहुतेक जण आठवड्याभरात तो नाद सोडतात. आम्ही तीन आठवडे घेतले आणि तेवढे घेणे योग्यच होते. पहिले काही दिवस रोज संध्याकाळी फिरून आल्यावर, एकाच जागी, एकाच चटईवर खंडूला शेजारी बसवून केवळ गालावर आणि ओठांवर हात फिरवत होतो. मग ओठ उचलून बोटाने दातांना स्पर्श केला. पुढच्या आठवड्यात बोटाला स्वच्छ सुती कापड गुंडाळून, कोमट पाण्यात भिजवून, बाहेरच्या बाजूने हलकेच पुसले. ब्रश शेवटी आला. प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाच्या आत थांबत असू आणि थांबल्यावर शाबासकी व थोडा खेळ असे. कुत्र्याने मान फिरवली तर धरून ठेवायचे नाही, त्या दिवशी तेवढ्यावर थांबायचे, हा नियम पाळला. समोरून अंगावर झुकू नये आणि जबडा मुठीत पकडू नये, कारण कुत्रा त्याला धमकी समजतो.

ब्रश लहान मुलांचा, अगदी मऊ केसांचा चालतो. लहान कुत्र्याला तान्ह्या बाळांसाठी मिळतो तसा. बोटात घालायचे रबरी ब्रश सुरुवातीला सोयीचे पडतात, पण हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचायला केसांचाच ब्रश बरा. तो दाताला सरळ न लावता हिरडीकडे थोडा तिरपा, साधारण पंचेचाळीस अंशांत धरावा, म्हणजे केस हिरडीच्या कडेखाली शिरतात, आणि तेथे लहान गोल फिरवावा. तोंड मिटलेलेच असू द्यावे. दातांची आतली बाजू पहिल्या काही महिन्यांत सोडून दिली तरी चालते, कारण जीभ ती बऱ्याच अंशी पुसत राहते. किटण मुख्यतः गालाकडच्या बाजूला चढते. घासायला पुढच्या दातांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, कारण ते दिसतात. परंतु सर्वांत जास्त किटण वरच्या मागच्या मोठ्या दाढेवर साठते, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथीची नळी त्या दाढेसमोरच गालात उघडते. कुत्रा एक मिनिटच शांत बसणार असेल तर ते मिनिट त्या दाढेला द्यावे.

घासणे रोज हवे. थर दोन-तीन दिवसांत कडक होतो हे एकदा कळले की आठवड्यातून एकदा घासून फारसे हाती का लागत नाही ते वेगळे सांगावे लागत नाही. रोज जमणे अशक्यच असेल तर एक दिवसाआड तरी व्हावे. पहिल्या काही दिवसांत हिरडीतून थोडे रक्त दिसले तर घाबरू नये, मऊ हाताने घासत राहावे. आठवडाभरात ते थांबले नाही तर दाखवावे. ज्या कुत्र्याच्या तोंडात आधीच किटण आणि सूज आहे, त्याच्या दातांवर ब्रश सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यांकडून दात साफ करून घ्यावेत. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवला की कुत्रा त्या ब्रशचा कायमचा शत्रू होतो, आणि मग चांगल्या तोंडातही तो ब्रश जाऊ देत नाही.

ब्रशला काय लावावे, याबद्दल मीठ-हळद-तेलाचा सल्ला मला विशेष काळजीचा वाटतो. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, त्याच्या तोंडात जे जाते ते पोटात जाते, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. मीठ रोज पोटात गेलेले कुत्र्याला चांगले नाही, आणि हिरडीवर चोळलेले मीठ सुजलेल्या जागी झोंबते. आपली टूथपेस्ट तर मुळीच वापरू नये. तिच्यातील फेस आणणारी द्रव्ये आणि फ्लोराइड गिळण्यासाठी नसतात, आणि काही पेस्टमध्ये, तसेच साखरविरहित च्युइंगममध्ये, झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. माणसाला निरुपद्रवी असणारे झायलिटॉल कुत्र्याच्या शरीरात एकदम इन्सुलिन सोडायला लावते, रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येते, आणि अधिक मात्रा गेल्यास यकृत निकामी होऊ शकते. जुन्या घरांतून दंतमंजनाची डबी किंवा मिश्री अजून असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि त्यातील निकोटीन कुत्र्याला विष आहे. खरखरीत मंजनाने कुत्र्याच्या दातावरचे कवच झिजते, आणि ते मुळातच आपल्या दातांच्या कवचापेक्षा बरेच पातळ असते. लवंगेचे तेल आणि कापूर यांचा आपल्या दातदुखीवर उपयोग होतो म्हणून तो कुत्र्यावर करू नये.

कुत्र्यांसाठी वेगळी पेस्ट मिळते, ती गिळण्याजोगी असते आणि कोंबडीच्या किंवा तत्सम चवीची असल्यामुळे कुत्रा ती आवडीने चाटतो. ती घ्यायला जमली नाही तर नुसत्या पाण्यात भिजवलेला ब्रश वापरावा. थर निघतो तो घासण्याने. पेस्टचे मुख्य काम कुत्र्याला ब्रश आवडता करण्याचे असते. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाची जेल किंवा द्रावण हिरड्यांच्या सुजेवर गुणकारी आहे, पण ते पशुवैद्यांनी सांगितले तितकेच दिवस वापरावे, आणि माणसांच्या माउथवॉशच्या बाटलीतून कधीच ओतू नये.

हाडाच्या सल्ल्याबद्दल मी गप्प राहू शकत नाही, कारण खंडूची दाढ त्यानेच गेली. आम्ही शाकाहारी, घरात हाड नाही, म्हणून दात साफ होतील या भाबड्या समजुतीने मी त्याला दुकानातून वाळवलेले खूर आणून देत होते. ते त्याला फार आवडत. कुत्रा कडक वस्तू मागच्या मोठ्या दाढेखाली धरून कात्रीसारखा जोर लावतो, आणि ती वस्तू दातापेक्षा कठीण असली तर दाढेचा बाहेरचा चपटा तुकडा निखळतो व आतली नस उघडी पडते. खूर, शिंग, मोठे हाड, याकच्या दुधापासून केलेली दगडासारखी कडक छुरपी, या सर्वांचा धोका सारखाच आहे. शिजवलेल्या हाडाचा आणखी एक धोका असा की त्याच्या अणकुचीदार काड्या होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. चघळायला देण्याच्या वस्तूसाठी पशुवैद्य एक सोपी कसोटी सांगतात, ती मला फार उपयोगी वाटली: अंगठ्याचे नख रोवल्यावर जी वस्तू थोडीही दबत नाही, ती कुत्र्याच्या दातांसाठी अधिक कठीण समजावी. टेनिसचा चेंडू मऊ असतो, पण त्याच्या लवेत धूळ-माती अडकते आणि सतत चावल्याने दात कानशीने घासल्यासारखे झिजतात. रबराचे भरीव, दबणारे खेळणे बरे.

दुकानात दातांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चघळण्याच्या कांड्यांचे पाकीट घेताना त्यावरील दावे वाचून भुलू नये. अमेरिकेत १९९७ पासून व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल नावाची संस्था अशा वस्तूंच्या चाचण्यांचे निकाल तपासून आपली मोहर देते; ज्या कांडीवर वा खाद्यावर ती मोहर आहे, तिने थर किंवा किटण काही प्रमाणात कमी होते एवढे तरी खात्रीने म्हणता येते. तरीही ती ब्रशची जागा घेत नाही. कोरडे दाणेदार खाद्य दिले म्हणजे दात आपोआप घासले जातात, ही समजूतही पुष्कळांची आहे. साधा दाणा दात टेकताच फुटतो, हिरडीच्या कडेपर्यंत दाताला घासतच नाही. म्हणून दूध-पोळी खाणारा कुत्रा असो की दाणे खाणारा, संध्याकाळचा ब्रश दोघांनाही सारखाच लागतो.

आमच्या भागात कुत्र्यांचे केस कापून देणारे काही जण भूल न देता, टोकदार हत्याराने दातांवरचे किटण खरवडून देऊ लागले आहेत. दात पांढरे दिसतात, पैसे कमी लागतात आणि भुलेची भीती नसते, म्हणून लोक खूश होतात. परंतु विकार हिरडीच्या खाली असतो आणि जाग्या कुत्र्याच्या हिरडीखाली हत्यार घालता येत नाही. खरवडलेला दात नंतर गुळगुळीत केला नाही तर त्यावरच्या ओरखड्यांत नवा थर आणखी लवकर बसतो, आणि कुत्र्याने एकदा मान झटकली तर हत्यार हिरडीत किंवा जिभेत घुसते. याउलट दवाखान्यात आधी रक्त तपासतात, भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतात म्हणजे पाणी आणि घाण फुप्फुसात जात नाही, हिरडीखालून सफाई होते, एक्स-रे काढून मुळे पाहता येतात आणि शेवटी दात गुळगुळीत करतात. म्हाताऱ्या कुत्र्याला भूल द्यायला मीही घाबरले होते. त्याच्या हृदयाची आणि मूत्रपिंडांची तपासणी आधी झाली, तेव्हाच मन शांत झाले. घरातून आपण विचारावा असा प्रश्न भूल देणार का हा नसून भुलेआधी काय तपासणार आणि भुलेत लक्ष कोण ठेवणार, हा आहे.

गल्लीतल्या कुत्र्यांवर माया करणाऱ्यांना एक सूचना द्यावीशी वाटते. ज्या कुत्र्याला रेबीजची लस दिल्याची खात्री नाही, त्याच्या तोंडात बोट घालून दात पाहू नयेत, मग तो कितीही ओळखीचा असो. त्याची लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

शेवटी शहरातील पशुवैद्यांना आपल्या दैनिकामार्फत एक विनंती करते. इंदूरपासून सुमारे तेवीस किलोमीटरवर महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. या विषयाचे शिक्षण आपल्या दाराशी आहे, म्हणून ही विनंती फार मोठी नाही. कुत्र्याला वर्षातून एकदा तरी लसीसाठी आणले जाते. त्या दिवशी लस टोचण्यापूर्वी कुत्र्याचा ओठ उचलून, आपण पाहण्याआधी, मालकाला पाहायला लावावे, आणि लसीच्या पुस्तिकेत तारखेशेजारी दातांसाठी एक ओळ लिहावी: हिरडी कशी, किटण कुठे, कोणता दात हलतो. माझ्याकडे खंडूच्या आठ वर्षांच्या पुस्तिका जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत प्रत्येक लसीची चिठ्ठी चिकटवलेली आहे, दर वर्षीचे वजन लिहिलेले आहे, आणि दात हा शब्द एकदाही आलेला नाही. आता मीच प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला त्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याच्या तोंडाची नोंद करते. कालच्या नोंदीत खालच्या डाव्या सुळ्याच्या कडेला बारीक लाल रेघ लिहिली आहे, आणि येत्या सोमवारी ती दाखवायला आम्ही दवाखान्यात जाणार आहोत.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
लोकमान्यनगर, इंदूर